स्टुडंट लोन ‘कन्सॉलिडेट करून माफ करून देतो’ म्हणणाऱ्यांना ओळखायचं कसं, आणि तेच काम फुकटात स्वतः करायचं कसं

अमेरिकेत ज्यांच्या नावावर सरकारी स्टुडंट लोन आहे त्यांना हा फोन एकदा तरी येतोच. समोरचा माणूस एकदम गोड बोलतो, तुमचं लोन साधारण किती आहे ते त्याला माहीत असतं, कधीकधी कॉलेजचं नावसुद्धा, आणि मग सुरू होतं की नवीन कायद्याखाली तुमची फाइल प्री-अप्रूव्ह झालीये, सगळी लोन्स एकत्र करून हप्ता कमी करू, बाकीचं माफ, फक्त आज संध्याकाळपर्यंत एनरोल व्हायला लागेल कारण उद्यापासून प्रोग्रॅम बंद. शेवटी हळूच आठशे-नऊशे डॉलरची ‘प्रोसेसिंग फी’. हे वाचून एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल: फेडरल लोनचं कन्सॉलिडेशन पूर्ण फुकट आहे, अर्ज सरकारच्या स्टुडंटएड डॉट गव्ह या साइटवर आहे, साधारण अर्ध्या तासात भरून होतो आणि त्यासाठी क्रेडिट चेकसुद्धा होत नाही. तो माणूस नऊशे डॉलर घेऊन तोच फॉर्म भरणार, तोही भरला तर.

आपली मराठी मंडळी, त्यातही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले काका-काकू, यात का अडकतात याचं माझं एक मत आहे. आपण वाढलोय ते आरटीओच्या बाहेर एजंटला पैसे देऊन लायसन्स काढण्यात. सरकारी काम म्हटलं की मध्ये एक माणूस लागणार, त्याला काहीतरी द्यावं लागणार, आणि दिले की काम होतं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुणी फी मागितली तर शंका यायच्या ऐवजी उलट हायसं वाटतं, चला, कुणीतरी बघतंय. इथे ते गणित उलटं आहे. फी मागितली हीच पहिली शंका.

आधी बघा, हे लोन तुमच्याकडे आहे का तरी

फेडरल लोन मिळतं ते सिटिझन, ग्रीनकार्डवाले आणि अजून थोड्या ठरावीक गटांना. म्हणजे पुण्या-नागपूरहून एफ-१ व्हिसावर मास्टर्सला आलेल्या मुलाकडे फेडरल लोन असूच शकत नाही, त्याचं लोन भारतातल्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं असतं नाहीतर इथल्या प्रायव्हेट लेंडरचं. त्याला जर कुणी सांगितलं की डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन तुझं लोन माफ करतंय तर पुढे ऐकायची पण गरज नाही, फोन ठेवायचा. बँकेचं किंवा प्रायव्हेट लोन फेडरल कन्सॉलिडेशनमध्ये घालताच येत नाही आणि त्याला फेडरलची माफी पण लागू होत नाही. हे वाक्य आपल्या २०२३-२४ च्या तीन लाख एकतीस हजार भारतीय विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना पुरेसं आहे, त्यांनी बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण घरच्या ज्यांचं फेडरल लोन आहे त्यांना पाठवा.

ज्यांना हे सगळं खरंच लागू होतं ते म्हणजे इथे जन्मलेली, वाढलेली मुलं, ग्रीनकार्डवर कॉलेज केलेले लोक, आणि आईवडील. आईवडील विसरू नका, कारण मुलाच्या शिक्षणासाठी पालकाच्या नावावर जे पॅरेंट प्लस लोन निघतं ते मुलाचं नसतं, तुमचं असतं, आणि रिटायरमेंट तोंडावर आलेली असताना ते डोक्यावर असलं की माणूस कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायला तयार होतो. हे फोनवाल्यांना चांगलं माहीत आहे.

कन्सॉलिडेशन म्हणजे नक्की काय, आणि काय नाही

कॉलेजच्या प्रत्येक वर्षी वेगळं लोन निघतं, प्रत्येकाचं व्याज वेगळं. ती सगळी मिळून एक लोन, एक हप्ता, एक सर्व्हिसर (म्हणजे सरकारच्या वतीनं हप्ते गोळा करणारी कंपनी), एवढंच कन्सॉलिडेशन. व्याज कमी होत नाही. नवा दर म्हणजे जुन्या दरांची मुद्दलाच्या प्रमाणात सरासरी, आणि ती वर एक अष्टमांश टक्क्यापर्यंत चढवलेली. उदाहरण घेऊ, २०१८-१९ चं अंडरग्रॅड लोन ८,००० डॉलर ५.०५ टक्क्यांनी आणि २०१९-२० चं १२,००० डॉलर ४.५३ टक्क्यांनी. सरासरी येते ४.७३८ आणि नवा दर होतो ४.७५. म्हणजे झाला तर केसभर जास्तच. त्यामुळे कुणी ‘कन्सॉलिडेट करून तुमचं व्याज अर्धं करतो’ म्हणाला की तो एकतर खोटं बोलतोय नाहीतर तुमचं फेडरल लोन उचलून प्रायव्हेट रिफायनान्समध्ये टाकायच्या विचारात आहे.

रिफायनान्स हा वेगळा विषय आहे आणि तो फ्रॉड नाही, नावाजलेल्या कंपन्या करतात, पण एकदा फेडरल लोन प्रायव्हेट झालं की उत्पन्नावर आधारित हप्ता, नोकरी गेल्यावरची सवलत, सरकारी नोकरीची माफी हे सगळं गेलं, आणि परत येता येत नाही. फोनवर हे दोन शब्द मुद्दाम एकमेकांत मिसळतात. त्याला सरळ विचारा, ‘यानंतर माझं लोन कुणाचं, सरकारचं की बँकेचं?’ उत्तर गोलमाल आलं की समजा.

खऱ्या कन्सॉलिडेशनचे तोटे पण आहेत बरं का, तेही हे लोक सांगत नाहीत. साठलेलं व्याज मुद्दलात चढतं आणि मग त्याच्यावर व्याज. लोनची मुदत लांबली की हप्ता हलका वाटतो पण एकूण व्याज जास्त जातं. आणि एकदा झालं की उलटं फिरवता येत नाही. काहींना मात्र ते करावंच लागतं, जुनी एफएफईएल लोन्स, म्हणजे बँकांनी सरकारच्या हमीवर दिलेली, जी २०१० मध्ये बंद झाली, ती पब्लिक सर्व्हिसच्या माफीत बसवायची असतील तर आधी डायरेक्ट कन्सॉलिडेशनमध्ये न्यावी लागतात. म्हणजे करायचं की नाही हा विचार करायचा प्रश्न आहे, फोनवर चार मिनिटांत हो म्हणायचा नाही.

खऱ्या बातमीवर खोटं दुकान

या लोकांची कला अशी की ते पूर्ण खोटं कधीच बोलत नाहीत, पेपरात आलेलीच गोष्ट उचलतात. २०२२ मध्ये बायडननं दहा हजार, काहींना वीस हजार डॉलरपर्यंत माफीची घोषणा केली आणि लगेच ‘बायडन फॉरगिव्हनेस’चे फोन सुरू झाले. सुप्रीम कोर्टानं ३० जून २०२३ ला ती योजना रद्द केली तरी फोन थांबले नाहीत, उलट ‘ती गेली, ही दुसरी आलीये’ असं सुरू. मग सेव्ह नावाचा उत्पन्नावर आधारित हप्त्याचा प्लॅन आला, २०२४ मध्ये कोर्टात अडकला, लाखो लोक फॉरबेअरन्समध्ये, म्हणजे हप्ते थांबवलेल्या अवस्थेत, लटकले आणि कुणालाच आपला हप्ता किती ते कळेना. मार्च २०२५ मध्ये एज्युकेशन डिपार्टमेंटनं जवळपास निम्मा स्टाफ कमी केला. सर्व्हिसरला फोन लावला की होल्डवर गाणी ऐकत बसायचं, आणि इकडे हा माणूस स्वतःहून फोन करतोय, पहिल्याच रिंगला बोलतोय, नीट समजावून सांगतोय, मग लोक त्याच्याकडे जाणारच ना.

त्यानंतर जुलै २०२५ चा मोठा कायदा. त्यात १ जुलै २०२६ ही तारीख खरी आहे. पॅरेंट प्लस लोन त्याच्या आत कन्सॉलिडेट झालेलं असेल तरच उत्पन्नावर आधारित हप्त्याचा रस्ता उघडा राहतो, मास्टर्स-पीएचडीवाल्यांचं ग्रॅड प्लस लोन नवीन लोकांना बंद, पॅरेंट प्लसवर वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० ची मर्यादा, आणि रॅप नावाचा नवा रिपेमेंट प्लॅन ज्यात माफी तीस वर्षांनी. त्या कायद्यानुसार सेव्ह, पे आणि आयसीआर हे उत्पन्नावर आधारित जुने प्लॅन १ जुलै २०२८ पर्यंत संपवायचे आहेत. इतक्या तारखा म्हटल्यावर फोनवाल्याला आयतं कोलीत. ‘डेडलाइन आहे’ हे खरं असतं, ‘म्हणून आम्हाला पैसे द्या’ हे खोटं. आणि तारीख उलटल्यावर जो म्हणेल ‘आमची आत ओळख आहे, मागच्या तारखेनं घालून देतो’ तो तर शंभर टक्के चोर, कन्सॉलिडेशनला मागची तारीख लागत नसते.

पैसे नक्की कसे काढतात

हे नीट समजून घ्या कारण इथेच लोकांचं वर्ष-दोन वर्ष जातं आणि कळतसुद्धा नाही.

आधी फोनवर असतानाच ई-साइनची लिंक पाठवतात. ‘फक्त इनिशियल्स टाका, मी सांगतो कुठे.’ त्या वीस पानांत एक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असते आणि कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आम्ही सरकारचे कुणी नाही आणि ही फी डॉक्युमेंट तयार करायची आहे. मग तुमचा एफएसए आयडी, म्हणजे स्टुडंटएडचं युजरनेम-पासवर्ड मागतात. तो दिला की खेळ संपला. एफएसए आयडी ही तुमची कायदेशीर सही आहे, त्यानं लोनच्या कागदांवर सही होते, पत्ता बदलतो, सर्व्हिसरचं अकाउंट उघडतं.

आत शिरल्यावर पहिलं काम, तुमचा ईमेल आणि फोन नंबर काढून स्वतःचा टाकायचा. आता सर्व्हिसर तुम्हाला जे काही कळवेल ते त्यांच्याकडे जातं. दुसरं, लोन फॉरबेअरन्समध्ये टाकायचं, म्हणजे हप्ता थांबतो. तुम्हाला काय वाटतं, ‘वा, यांनी खरंच काम केलं, हप्ता कमी झाला’, आणि त्या कंपनीचे महिन्याचे ३९ डॉलर कार्डवरून कटतायत ते तुम्ही लोनचाच कमी झालेला हप्ता समजता. लोनमध्ये एक डॉलर जात नाही, व्याज मात्र रोज चढतंय. समजा सुरुवातीला ८९९ आणि मग महिना ३९, वर्षात १,३६७ डॉलर गेले आणि लोन होतं त्यापेक्षा मोठं झालं.

आणि तिसरा प्रकार सगळ्यात घातक. उत्पन्नावर आधारित हप्त्याच्या अर्जात कुटुंबात किती माणसं ते विचारतात, माणसं जास्त तर हप्ता कमी. मग हे लोक तुमच्या नावानं सहा-सात माणसं लिहितात, हप्ता खरंच शून्य येतो, तुम्ही खूश. पण ती खोटी माहिती तुमच्या सहीनं सरकारला गेलीये. फेडरल एजन्सींनी अशा कंपन्यांवर केस टाकल्या त्यात हा आरोप पुन्हा पुन्हा दिसतो.

काहीजण अजून एक करतात, फी एकदम भरायला पैसे नाहीत म्हणालात की ‘काही प्रॉब्लेम नाही, फायनान्स करून देतो’, आणि फी साठी वेगळंच कर्ज तुमच्या नावावर, ते पण भरमसाठ व्याजानं. लोन कमी करायला गेलेला माणूस नवीन लोन घेऊन परत येतो.

हे काही एक-दोन टपोरींचं काम नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये एफटीसी (ग्राहकांची फसवणूक रोखणारी फेडरल एजन्सी), अकरा राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांनी मिळून ‘ऑपरेशन गेम ऑफ लोन्स’ नावानं कारवाई केली तेव्हा त्या कंपन्यांनी साडेनऊ कोटी डॉलरपेक्षा जास्त बेकायदा आगाऊ फी गोळा केल्याचा आरोप होता. त्यानंतरही दरवर्षी नवीन नावं येतातच, एक बंद केलं की तेच लोक दुसऱ्या नावानं, दुसऱ्या वेबसाइटनं उभे.

ओळखायचं कसं

‘लोनची इतकी माहिती त्याला कशी काय होती मग?’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर फार साधं आहे, विकत घेतली. क्रेडिट ब्युरो बँकांना ऑफर पाठवायला याद्या विकतात आणि त्या याद्या भलत्या हातात पडतात. २०२० मध्ये सीएफपीबीनं, म्हणजे बँका-कर्जांच्या बाबतीत ग्राहकांचं रक्षण करणाऱ्या फेडरल संस्थेनं, कॅलिफोर्नियातल्या एका मॉर्गेज कंपनीवर केस केली ती याच कारणानं, होम लोनची ऑफर पाठवायची म्हणून लाखो लोकांचे क्रेडिट रिपोर्ट घेतले आणि वापरले स्टुडंट लोनच्या धंद्याला. त्यामुळे त्याला तुमचं बॅलन्स माहीत आहे म्हणून तो सरकारचा माणूस ठरत नाही. कॉलर आयडीवर वॉशिंग्टन दिसलं, पत्रावर गरुडाचा शिक्का दिसला, कंपनीच्या नावात फेडरल, नॅशनल, स्टुडंट सर्व्हिसेस असलं काही असलं, तरी त्यानं काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात खात्रीची खूण फी. टेलिमार्केटिंगवरून कर्ज कमी करून देण्याची सर्व्हिस विकणाऱ्यानं काम व्हायच्या आधी पैसे घेणं २७ ऑक्टोबर २०१० पासून बेकायदा आहे. ‘रिफंडेबल आहे’, ‘एस्क्रोमध्ये ठेवतो’, ‘ही फी नाही, डॉक्युमेंट चार्ज आहे’, काही पण म्हणू दे. फोनवर आधी पैसे मागितले म्हणजे कायदा मोडला, आणि जो पहिल्याच फोनला कायदा मोडतो त्याच्या हातात आपण पुढची दहा वर्षं देणार का?

दुसरी तितकीच पक्की खूण पासवर्ड. डिपार्टमेंट तुमचा एफएसए आयडीचा पासवर्ड कधीच मागत नाही, सर्व्हिसरही मागत नाही. कुणाला म्हणजे कुणालाच द्यायचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये यावर खास कायदा झाला, दुसऱ्याच्या लॉगिननं फसवणुकीसाठी किंवा धंद्यासाठी शिरणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि हो, मुलाचा एफएसए आयडी बाबांनी वापरायचा हे पण आपल्याकडे सर्रास चालतं, ते सुद्धा बंद करा, दोघांचे आयडी वेगळे असतात, नियम तसाच आहे.

लगेच माफी, सगळ्यांना माफी, असं कुणी म्हणालं तर खऱ्या योजना किती संथ आहेत ते आठवा. पब्लिक सर्व्हिसची पीएसएलएफ माफी १२० पात्र हप्ते भरल्यावर, म्हणजे कमीत कमी दहा वर्षं सरकारी किंवा नॉनप्रॉफिट नोकरी करून. शिक्षकांसाठीची माफी सलग पाच वर्षं कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळेत शिकवून, जास्तीत जास्त १७,५०० डॉलर. उत्पन्नावर आधारित प्लॅनची माफी वीस-पंचवीस वर्षांनी, नव्या रॅपमध्ये तर तीस. कायमचं अपंगत्व, बंद पडलेलं कॉलेज अशा वेगळ्या सोयी आहेत पण त्यांना पुरावे लागतात आणि त्यांचे अर्ज पण फुकटच आहेत. फोनवर चार प्रश्न विचारून कुणाचं लोन माफ होत नाही.

आणि ‘यापुढे सर्व्हिसरशी बोलू नका, त्यांचे फोन घेऊ नका, आम्ही बघतो’ हे वाक्य आलं की तर फोन ठेवाच. ते का सांगतात हे वर सांगितलंय, तुम्ही सर्व्हिसरशी एकदा बोललात की त्यांचं पितळ उघडं पडणार.

घाई, गिफ्ट कार्ड किंवा झेल (Zelle) या पेमेंट अ‍ॅपनं पैसे, इंग्रजीच्या चुका, अर्धं वाक्य कॅपिटलमध्ये, हे सगळं नेहमीचं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. उलट सांगतो, हल्लीच्या ईमेलमध्ये चुका नसतातच, त्यामुळे ‘इंग्रजी तर छान होतं’ यावर जाऊ नका. ईमेल आला की त्यातली लिंक न उघडता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून आत जा, खरं काही असेल तर ते तिथे अकाउंटमध्ये दिसेलच.

मग स्वतः कसं करायचं

स्टुडंटएड डॉट गव्हवर जा, पत्ता शेवटी डॉट गव्हच आहे ना ते बघा, डॉट कॉम, डॉट ऑर्ग नाही. गुगलवर शोधलंत तर वरच्या एक-दोन जाहिराती सोडून द्या, तिथेच हे लोक पैसे देऊन बसलेले असतात. लॉगिन केल्यावर माय एड मध्ये तुमची सगळी फेडरल लोन्स, प्रकार, दर आणि सर्व्हिसर दिसतो. नेलनेट, मोहेला, एडव्हांटेज, एडफायनान्शियल ही नेहमीची नावं. जे लोन इथे दिसत नाही ते फेडरल नाही, विषय संपला.

मग तिथलाच लोन सिम्युलेटर वापरा, त्यात कन्सॉलिडेट केलं तर आणि न केलं तर हप्ता किती, एकूण किती जाणार ते दिसतं. याला घाई करू नका, नवराबायको दोघं बसून बघा, टॅक्स रिटर्न समोर ठेवा. पटलं तर डायरेक्ट कन्सॉलिडेशनचा अर्ज भरा. कुठली लोन्स घ्यायची, कुठली नाही ते तुम्ही ठरवता, सगळी घालायलाच पाहिजेत असं नाही, आणि पॅरेंट प्लस असेल तर ते तुमच्या स्वतःच्या जुन्या शिक्षणाच्या लोनमध्ये मिसळायच्या आधी दहादा विचार करा, कारण पॅरेंट प्लसच्या अटी मग सगळ्याला चिकटतात. अर्जातच रिपेमेंट प्लॅन निवडायचा असतो, उत्पन्नाची माहिती आयआरएसकडून (इथलं टॅक्स खातं) घ्यायला परवानगी दिली की कागद अपलोड करायची कटकट वाचते.

यानंतर साधारण महिना-दीड महिना लागतो, कधी जास्त. या मधल्या काळात जुने हप्ते चालू ठेवा, नवीन सर्व्हिसरचं ‘झालं’ असं लेखी येईपर्यंत बंद करू नका, नाहीतर उशिराची नोंद लागते. पूर्ण व्हायच्या आधी एक नोटीस येते, त्यातल्या तारखेच्या आत मन बदललं तर रद्द करता येतं. पीडीएफ सेव्ह करून ठेवा, सगळे.

लोन डिफॉल्टमध्ये गेलं असेल, म्हणजे २७० दिवस हप्ता गेला नसेल, तर दोन रस्ते आहेत आणि दोन्हींना एजंट लागत नाही. रिहॅबिलिटेशन म्हणजे दहा महिन्यांत नऊ ठरलेले हप्ते भरायचे. नाहीतर कन्सॉलिडेशन, त्यात उत्पन्नावर आधारित प्लॅन घ्यायला तयार झालात की होतं. डिफॉल्टवाल्यांना हे फोनवाले पगारातली कपात दाखवून घाबरवतात. कपात होऊ शकते हे खरं आहे, पंधरा टक्क्यांपर्यंत, पण त्याआधी तीस दिवसांची लेखी नोटीस येते, ‘उद्या सकाळी पोलीस येतील’ असं काही नसतं.

माणसाशी बोलायचंच असेल तर फेडरल स्टुडंट एडचा नंबर १-८००-४३३-३२४३ आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत स्टुडंट लोन ऑम्बुड्समन, म्हणजे तक्रारी सोडवायला मदत करणारा सरकारी अधिकारी, असतो, तोही फुकट. नॉनप्रॉफिट क्रेडिट काउन्सेलर पण असतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी ‘माझ्या ओळखीचा एकजण करून देतो’ म्हणाला तर त्या ओळखीच्यालाही हेच दोन प्रश्न विचारा, आधी पैसे घेतोस का आणि पासवर्ड मागतोस का. आपला माणूस आहे म्हणून संकोच करायचं काही कारण नाही.

आधीच पैसे आणि पासवर्ड देऊन बसला असाल तर

लाजून गप्प बसू नका, आणि घरच्यांपासून लपवू पण नका. क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी एफएसए आयडीचा पासवर्ड बदला, आणि नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, प्रोफाइलमधला ईमेल, फोन नंबर, पत्ता तुमचाच आहे ना ते बघा, दुसऱ्याचा असेल तर तुम्ही बदललेला पासवर्ड तो परत बदलू शकतो. लॉगिनच होत नसेल तर वरच्या नंबरवर फोन.

मग लगेच सर्व्हिसर. त्यांना सरळ सांगा की अमुक कंपनीला दिलेली पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी मी रद्द करतोय, यापुढे त्यांच्याशी बोलू नका, आणि विचारा की माझ्या नावानं फॉरबेअरन्स टाकलंय का, कन्सॉलिडेशनचा अर्ज गेलाय का, आणि शेवटच्या अर्जात कुटुंबात किती माणसं लिहिलीत. आकडा खोटा निघाला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, पुढे कुणी विचारलं तर तुम्ही स्वतःहून सुधारलंत ही नोंद राहील. फोन झाला की तेच सर्व्हिसरच्या साइटवरून मेसेज करून लेखी पण टाका.

बँकेला किंवा कार्ड कंपनीला सांगून पुढचे पैसे थांबवा, झालेल्यांना डिस्प्यूट करा. क्रेडिट कार्ड असेल तर जास्त आशा असते, डेबिट किंवा झेल असेल तर कमी, पण विचारा तरी. कार्डाचा नंबर बदलून घ्या. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल, आणि दिलेला असतोच, तर इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला नवीन कर्ज काढता येणार नाही, सप्टेंबर २०१८ पासून ते देशभर फुकट आहे, तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं.

तक्रार एफटीसीच्या रिपोर्टफ्रॉड साइटवर, सीएफपीबीकडे आणि तुमच्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे. तक्रार करून काय होणार असं वाटतं, पण कारवाई झाली आणि पैसे वसूल झाले तर रिफंडचे चेक कुणाला पाठवायचे ते ठरवताना कुणी किती भरले याच्या नोंदीच लागतात. कार्डाचं स्टेटमेंट, ई-साइनचे कागद, फोन आलेल्या तारखा, सगळं एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा.

आणि मग काही महिन्यांनी अजून एक फोन येईल. ‘त्या कंपनीनं तुम्हाला फसवलं, आम्ही तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त अडीचशे डॉलर फाइलिंग फी.’ फसलेल्यांच्या याद्या पण विकल्या जातात. एफटीसी रिफंड द्यायला कधीच पैसे मागत नाही, बँक अकाउंटचे डिटेल्स पण नाही. हे पत्र-फोन मुळातच कमी करायचे असतील तर १-८८८-५६७-८६८८ वर फोन करून क्रेडिट ब्युरोच्या ऑफर याद्यांतून नाव काढून घ्या, पाच वर्षांसाठी निघतं, कायमचं काढायचं असेल तर एक फॉर्म सही करून पोस्टानं पाठवावा लागतो.